गटाराला पक्ष असतो काय?
लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकांची कथा



जिल्हा परिषदेच्या निवडणुका जवळ आल्या की गावच्या पारावर आणि शहरातल्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास कानी पडते. “अहो, गटाराला का कोठे पक्ष असतो? दिल्लीच्या कारभारात पक्ष असावेत हे समजते. पण रस्ता, शाळा, दवाखाना ह्यांत पक्ष शिरला की कामाचा विचका झालाच म्हणून समजा.” हे बोलणारा मनुष्य बहुधा सज्जन असतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. मीही पुष्कळ वर्षे मान डोलावीत आलो. परंतु इतिहास वाचता वाचता एके ठिकाणी ही मान डोलायची थांबली. ते ठिकाण म्हणजे लंडन कौंटी कौन्सिल. १८८९ मध्ये ही संस्था जन्माला आली आणि १९६५ मध्ये संपली. जन्मापासून मरणापर्यंत तिच्या निवडणुका पक्षांनी लढविल्या. एवढे सबंध आयुष्य डोळ्यांपुढे असल्यावर त्या समंजस वाक्याची परीक्षा घेणे सोपे जाते.

कौंटी म्हणजे इंग्लंडातला जिल्हा, आणि त्याचा कारभार पाहणारे लोकनियुक्त मंडळ म्हणजे कौंटी कौन्सिल. आपल्या जिल्हा परिषदेचे ते थोरले भावंड, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तारखा पाहिल्या म्हणजे गंमत दिसते. लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला तो मे १८८२ मध्ये, आणि त्याला अनुसरून मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला १८८४ साली. त्या बोर्डांत कलेक्टरसाहेब अध्यक्ष, सरकारनियुक्त सभासदांचा भरणा, मतदार मूठभर, हे सारे खरे. तथापि काही सभासद तरी निवडून येत होते. त्याच वर्षी खुद्द इंग्लंडातल्या परगण्यांचा कारभार कोण पाहत होते? राजाच्या नावे नेमलेले जे. पी.; म्हणजे बहुतेक जमीनदार आणि सरदार मंडळी. तीन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या बैठकीत बसून ते पूल, रस्ते, वेड्यांची इस्पितळे यांचा खर्च मंजूर करीत आणि कर बसवीत. मतदार नावाच्या प्राण्याचा तेथे शिरकाव नव्हता. हिंदी लोकांना राजकीय शिक्षण द्यावे म्हणून जो धडा येथे थोडाथोडका सुरू झाला, तो इंग्लंडच्या खेडुतांच्या हाती चार वर्षे उशिरा पडला!

लंडन शहराची तऱ्हा ह्याहून निराळी होती. १८५५ च्या कायद्याने तेथे ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ नावाचे मंडळ स्थापन झाले होते. ह्या मंडळाची थोरवी प्रथम सांगितली पाहिजे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या औषधी पाण्यात भिजवून टांगावे लागले. त्यानंतर मंडळाचे मुख्य इंजिनियर जोसेफ बॅझलजेट यांनी शहराखालून जी प्रचंड गटारे बांधली, त्यांनी लंडनची पटकी घालविली. त्या गटारांचा मोठा भाग आजही काम देतो. म्हणजे ‘गटाराला पक्ष नसतो’ हे वाक्य शब्दशः खरे ठरविणारे हेच मंडळ. त्यात पक्ष नव्हते. निवडणुकीचा गलबलाही नव्हता, कारण सभासदांना लोक निवडीतच नसत. लहान लहान विभागांच्या व्हेस्ट्री नावाच्या समित्या आपल्यातून माणसे धाडीत, आणि ती वर्षानुवर्षे तेथे बसून राहत.

पुढे काय झाले? १८८० नंतरच्या वर्षांत वर्तमानपत्रांतून कुजबूज सुरू झाली. नवे रस्ते काढताना मंडळाने ज्या जागा ताब्यात घेतल्या, त्यांच्या भाडेपट्ट्यांत मंडळाच्याच नोकरांनी हात ओले करून घेतल्याचे आरोप झाले. पिकॅडिली सर्कसजवळची एका नाटकगृहाची जागा तर फारच गाजली. १८८८ मध्ये रॉयल कमिशन बसले आणि आरोपांत बरेच तथ्य निघाले. सर्वच सभासद लबाड होते असे मुळीच नाही. बहुतेक प्रामाणिकच होते. पण लंडनच्या करदात्याने रागवावयाचे कोणावर? त्याने कोणाला निवडले नव्हते, मग पाडणार कोणाला? सभासद व्हेस्ट्रीकडे बोट दाखवी, व्हेस्ट्री मंडळाकडे बोट दाखवी. जबाबदारी अशी वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला आली नाही.

अशा वेळी लॉर्ड सॉल्झबरी यांच्या हुजूरपक्षीय सरकारने, चार्ल्स रिची ह्या मंत्र्याच्या हस्ते, १८८८ चा स्थानिक कारभाराचा कायदा आणला. त्याने इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र लोकनियुक्त कौंटी कौन्सिले निर्माण झाली आणि लंडन ही एक स्वतंत्र कौंटी ठरली. लंडनसाठी ११८ सभासद लोकांनी निवडावयाचे, आणि त्या सभासदांनी आणखी १९ ऑल्डरमन निवडावयाचे. ऑल्डरमन म्हणजे आपल्या नगरपालिकेतल्या स्वीकृत सभासदांसारखे समजा. मात्र त्यांना मताचा पुरा अधिकार होता, आणि त्यांची मुदत तीन नव्हे, सहा वर्षांची होती. ही १९ माणसे ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पहिली निवडणूक १७ जानेवारी १८८९ रोजी झाली. तेव्हाही पुष्कळ थोर माणसे म्हणत होती की कौन्सिलात पक्ष नकोत. म्हणून पार्लमेंटातल्या पक्षांची नावे कोणी घेतली नाहीत. नवी नावे निघाली. एका बाजूने स्वतःला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणविले, दुसरीने ‘मॉडरेट’. मराठी श्रोत्यांना येथे हसू येईल, कारण आपल्याकडे प्रागतिक आणि नेमस्त ही जवळजवळ एकाच मंडळींची नावे. लंडनात मात्र हे दोघे एकमेकांसमोर उभे होते. प्रोग्रेसिव्हांत बहुसंख्य उदारमतवादी, त्यांच्या जोडीला मजुरांचे पुढारी जॉन बर्न्स यांच्यासारखे, आणि थोड्याच वर्षांत सिडनी वेब यांच्यासारखे समाजवादी. मॉडरेटांत हुजूरपक्षीय आणि खर्चाला भिणारे करदाते.

निकाल लागला तो प्रोग्रेसिव्हांच्या बाजूने, स्पष्ट बहुमताने. अध्यक्ष म्हणून लॉर्ड रोझबेरी यांना बसविण्यात आले. हेच पुढे १८९४ मध्ये इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. आणि मग नव्या बहुमताने पहिलेच काम काय केले? ऑल्डरमनांच्या १९ जागांपैकी जवळजवळ सगळ्या आपल्या लोकांनी भरून टाकल्या. पक्षाचे गुण सांगण्यापूर्वी त्याचा हा लोभ सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. अविवाहित आणि विधवा करदात्या स्त्रियांना ह्या निवडणुकीत मत होते. उमेदवारीचा हक्क आहे की नाही हे कायद्यात नीट सांगितलेले नव्हते. ब्रिक्स्टन विभागातून लेडी सँडहर्स्ट आणि बो विभागातून जेन कॉब्डेन अशा दोन स्त्रिया निवडून आल्या. लेडी सँडहर्स्ट यांच्याविरुद्ध पडलेले मॉडरेट उमेदवार कोर्टात गेले. स्त्रीला सभासद होता येत नाही असा निकाल त्यांनी मिळविला, आणि मतदारांनी नाकारलेल्या त्या गृहस्थांना जागा मिळाली. हा हक्क स्त्रियांना कायद्याने मिळण्यास १९०७ उजाडले. ह्या लेडी सँडहर्स्ट आपल्याला अगदीच परक्या नाहीत. १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड सँडहर्स्ट, ज्यांच्या अमदानीत पुण्यात प्लेग, रँडचा वध आणि टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला ही प्रकरणे घडली, ते ह्याच बाईंचे चिरंजीव. आईची निवडून आलेली जागा लंडनच्या कोर्टाने काढून घेतली, आणि मुलगा कोणाच्याही मताशिवाय सबंध इलाख्यावर अधिकार गाजवावयास आला. साम्राज्याच्या काळात असे चमत्कार घडत.

कौन्सिल कामाला लागले. ट्रॅम कंपन्यांच्या गाड्या एकेक करून ताब्यात घेण्यात आल्या आणि १९०३ पासून कौन्सिलाची विजेची ट्रॅम धावू लागली. बेथनल ग्रीन भागातली एक कुप्रसिद्ध गलिच्छ वस्ती पाडून तेथे बाउंडरी स्ट्रीटची चाळवजा, परंतु देखणी वसाहत उभी राहिली. १९०० साली तिचे उद्घाटन झाले. मूळच्या दरिद्री रहिवाशांपैकी फारच थोड्यांना तेथली घरे परवडली, ही उणीवही नोंदविली पाहिजे. बांधकाम कंत्राटदारांना न देता स्वतःच करावे म्हणून १८९२ मध्ये एक खाते काढण्यात आले. १९०४ मध्ये शाळाही कौन्सिलाकडे आल्या. त्या ज्या लंडन स्कूल बोर्डाकडून आल्या, त्याचे शेवटचे अध्यक्ष कोण? आपले जुने गव्हर्नर लॉर्ड रे. पुण्याच्या महात्मा फुले मंडईला पूर्वी ज्यांचे नाव होते तेच.

ह्या सर्व कामांत पक्ष होता का? होता, आणि तो असणे अपरिहार्य होते. गटार साफ करण्याला पक्ष नसेल. पण ते कोणाच्या पैशाने करावयाचे, श्रीमंत वस्तीच्या करातून गरीब वस्तीचा खर्च भागवावा की नाही, काम कंत्राटदाराला द्यावे की स्वतः करावे, ट्रॅम कंपनीची असावी की लोकांची, ह्या प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू होत्या, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. तेथे ‘आम्ही फक्त कामाची माणसे’ असे म्हणणारा मनुष्य आपली बाजू लपवीत तरी असतो, नाही तर त्याला ती ठाऊक तरी नसते.

ज्यांनी हे कौन्सिल निर्माण केले त्या लॉर्ड सॉल्झबरींना लवकरच त्याचा पश्चात्ताप झाला. १८९४ मध्ये त्यांनी उघड सांगितले की तेथे समाजवादी प्रयोग चालले आहेत आणि आपल्या पक्षाने आडपडदा न ठेवता लढले पाहिजे. त्याच वर्षी हुजूरपक्षीयांनी ‘लंडन म्युनिसिपल सोसायटी’ काढली. मार्च १८९५ च्या निवडणुकीत काट्याची लढत झाली: ५९ इकडे, ५९ तिकडे. सत्ता प्रोग्रेसिव्हांकडेच राहिली, आणि ती राखली कोणी? त्या ऑल्डरमनांनी! मतदारांनी तराजू समतोल ठेवला होता. त्यांनी न निवडलेल्या माणसांनी तो झुकविला. मग सरकारने १८९९ च्या कायद्याने लंडनात २८ बरो कौन्सिले निर्माण करून मोठ्या कौन्सिलाला शह दिला. पक्षाचा डाव असा दोन्ही बाजूंनी चालतो.

आता मी ह्या कथेतल्या मुख्य प्रसंगाकडे येतो. १९०५ मध्ये प्रोग्रेसिव्हांनी टेम्स नदीत प्रवासी आगबोटी सोडल्या. तीस बोटी बांधण्यात आल्या. लोकांनी नदीतून स्वस्तात कामावर जावे, ही कल्पना सुंदर; पण हिवाळ्यात नदीवर बसून कुडकुडण्यास गिऱ्हाईक मिळेना आणि तोटा करदात्यांच्या माथी पडला. विरुद्ध बाजूने ‘मॉडरेट’ हे मवाळ नाव टाकून ‘म्युनिसिपल रिफॉर्म’ असे नवे नाव घेतले आणि बोटी, ट्रॅम व कर हाच प्रचाराचा विषय केला. ‘आम्हांला तुमचा पैसा हवा’ असे म्हणत बोट रोखणाऱ्या लठ्ठ माणसाचे चित्र भिंतीभिंतीवर झळकले. चित्र अन्यायाचे होते, पण परिणामकारक होते. २ मार्च १९०७ रोजी निम्म्याहून अधिक मतदार मतदानाला बाहेर पडले. स्थानिक निवडणुकीच्या मानाने ही संख्या फार मोठी. निकाल असा: म्युनिसिपल रिफॉर्म ७९, प्रोग्रेसिव्ह ३८. अठरा वर्षांची सत्ता एका दिवसात गेली.

ह्या निकालाने लंडनचे भले झाले की वाईट, हा वाद बाजूला ठेवा. जी गोष्ट चौतीस वर्षे जुन्या पक्षरहित मंडळाच्या बाबतीत करदात्याला करता आली नव्हती, ती त्याने येथे एका दिवसात केली. बोटी कोणी सोडल्या हे त्याला ठाऊक होते. पाटी कोणाची हे ठाऊक होते. म्हणून राग कोठे काढावयाचा हेही ठाऊक होते.

आणि नवे आले त्यांनी काय केले? बोटी बंद केल्या, बांधकामाचे खाते मोडले; पण ट्रॅम मोडल्या नाहीत, शाळा मोडल्या नाहीत. उलट पहिल्या महायुद्धानंतर ह्याच काटकसरी पक्षाच्या कारकिर्दीत, १९२१ पासून, एसेक्समधल्या शेतजमिनीवर बेकन्ट्री ही वसाहत उठू लागली, आणि तिच्यात २५ हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. पक्ष बदलला म्हणजे आधीचे सर्व काम धुळीस मिळते, ही भीती लंडनपुरती तरी खोटी ठरली. जे लोकांच्या गळी उतरले ते टिकले; जे उतरले नाही ते गेले.

म्युनिसिपल रिफॉर्मवाल्यांनी १९३४ पर्यंत राज्य केले. त्या वर्षी मजूर पक्षाने ६९ विरुद्ध ५५ असा विजय मिळविला आणि हर्बर्ट मॉरिसन यांच्या हाती सूत्रे आली. वॉटर्लूचा जुना पूल खचला होता आणि वर्षानुवर्षे नुसत्या चर्चा चालल्या होत्या. मॉरिसन यांनी काही महिन्यांत तो पाडण्यास प्रारंभ केला. पार्लमेंटने कर्जाला नकार दिला, तरी करांतून पैसा उभारण्याची तयारी ठेवून काम चालविले. १९३५ मध्ये शहराभोवती हिरवा पट्टा राखण्याची योजना निघाली. १९३७ मध्ये मतदारांनी बहुमत वाढवून पसंती कळविली. पुढे १९४९ मध्ये पुन्हा एकदा ६४ विरुद्ध ६४ आणि मधे एक लिबरल अशी अवस्था झाली, तेव्हा मजूर पक्षाला पुन्हा ऑल्डरमनांनीच तारले. एकूण काय, लोकांनी न निवडलेल्या खुर्च्या पक्षाच्या हाती ठेवल्या तर पक्ष त्या वापरल्यावाचून राहत नाही. मग तो पक्ष कोणताही असो.

आता आपण म्हणाल, पक्षांवाचून चाललेल्या कौन्सिलांचे काय? त्यांचेही उदाहरण त्याच देशात आहे. लंडनबाहेरच्या अनेक ग्रामीण परगण्यांत १८८९ ची निवडणूक कित्येक जागी बिनविरोध झाली. पक्ष नव्हते, ‘गावचा मोठा माणूस’ होता. परिणामी, ज्या जे. पी. मंडळींकडून सत्ता काढून घेण्यासाठी कायदा झाला, त्यांतलीच पुष्कळ माणसे नव्या कौन्सिलांत येऊन बसली. भांडण नव्हते हे खरे. पण निवड तरी कोठे होती?

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. तेथे अनेक कौंटींत पक्षांनी फार धुमाकूळ घातला होता. नोकऱ्या आणि कंत्राटे आपल्या माणसांना वाटण्याचा तो कारखाना होता. त्याला विटून कॅलिफोर्निया राज्याने १९१३ मध्ये कौंटीच्या अधिकारपदांच्या निवडणुकांतून पक्षाची नावे काढून टाकली. कारण सबळ होते. पण लॉस एंजेलिस कौंटीची गोष्ट पाहा. तेथे सुमारे एक कोटी लोकांसाठी मंडळाचे सभासद अवघे पाच. मतपत्रिकेवर पक्ष नाही. म्हणून मतदार ओळखीचे नाव शोधतो, आणि ओळखीचे नाव बहुधा आधीच खुर्चीवर असलेल्याचे असते. केनेथ हान हे एक लोकप्रिय सभासद १९५२ पासून १९९२ पर्यंत, चाळीस वर्षे, त्या मंडळावर होते. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण अशा खुर्च्या हलविणे किती अवघड, हे त्यावरून कळते. २००२ मध्ये मतदारांनी सभासदांच्या मुदतींना मर्यादा घातली, आणि २०२४ मध्ये सभासदांची संख्या पाचावरून नऊ करण्याला संमती दिली. पक्ष काढून टाकला म्हणजे राजकारण जाते असे नाही. ते व्यक्तींच्या भोवती गोळा होते.

पण नाण्याची दुसरी बाजू दाखविल्यावाचून मी थांबणार नाही. १ एप्रिल १९६५ रोजी लंडन कौंटी कौन्सिल संपले आणि त्याहून मोठे ग्रेटर लंडन कौन्सिल आले. १९८१ मध्ये ते मजूर पक्षाच्या हाती गेले. केन लिव्हिंगस्टन त्याचे पुढारी. पार्लमेंटच्या समोर, नदीपलीकडच्या आपल्या कचेरीच्या छपरावर, त्यांनी लंडनमधल्या बेकारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावून ठेवला. श्रीमती थॅचर यांना तो दररोज दिसावा, हा हेतू. भांडण आता ट्रॅमचे राहिले नव्हते. पार्लमेंटचे भांडण नदी ओलांडून आले होते. शेवट काय झाला? थॅचर सरकारने कायदा करून ३१ मार्च १९८६ रोजी ते कौन्सिलच मोडून टाकले. जगातल्या एका अतिविशाल शहराला २००० सालापर्यंत सर्व शहराचे असे लोकनियुक्त मंडळ उरले नाही. कचेरीची इमारत विकली गेली. आज तेथे हॉटेले आहेत आणि मत्स्यालय आहे.

तेव्हा लंडनच्या इतिहासातून मी एवढेच घेतो. १९०७ मध्येही पक्ष होते आणि १९८६ मध्येही पक्ष होते. पहिल्या वेळी ते स्थानिक प्रश्नावर भांडले, आणि मालक मतदार ठरला. दुसऱ्या वेळी वरच्या भांडणासाठी स्थानिक संस्था रणांगण म्हणून वापरली गेली, आणि मतदाराच्या हातची संस्थाच गेली. दोष पाटीत नाही. पाटीखाली काय लिहिले आहे, त्यात गुणदोष आहे.

आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टरसाहेबांना त्यांच्याबाहेर ठेवण्यात आले. १८८४ च्या लोकल बोर्डापासून आपण किती लांब आलो हे एवढ्यावरून कळेल. जिल्हा परिषदेला पक्षांची चिन्हे चालतात. ग्रामपंचायतीला चालत नाहीत. पण ग्रामपंचायतीत पक्ष नाही म्हणून गट नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? तेथे ‘पॅनेल’ असते. निवडणुकीपुरते ते उभे राहते, त्याला आज एक नाव असते, उद्या दुसरे. आणि पाच वर्षांनी हिशेब विचारावयास जावे तर ते पॅनेल जागेवर नसते. जुन्या लंडनच्या बोर्डाची आठवण होते ती येथे.

म्हणून पुढच्या वेळी उमेदवार आपल्या दारी येईल तेव्हा ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे?’ एवढेच विचारून थांबू नका. आपल्या तालुक्याच्या पाण्याबद्दल, शाळेबद्दल, कराबद्दल तुमच्या पक्षाचे म्हणणे काय, ते विचारा. त्याला उत्तर देता आले तर ती पाटी उपयोगाची. ते उत्तर लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तेच पुढे करा. त्याने वरच्या पुढाऱ्याचे नाव तेवढे सांगितले, तर समजावे की हा माणूस आपल्या जिल्ह्यासाठी मत मागत नाही. आणि कोणी म्हणाला की आम्हांला पक्षच नाही, तर त्यालाही तितक्याच नम्रपणे विचारा: मग काम बिघडल्यावर आम्ही यावयाचे कोणाच्या दारी?

गटाराला पक्ष नसतो, हे मला मान्य आहे. पण ते तुंबते तेव्हा आपल्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते, आणि त्या दारावर नाव असलेले बरे.